सारवलेलं अंगण

शांतीने चिखलाचा गोळा भेगेत घालून टाचेने दाबला. गोळा आत गेला तो दिसेनासाच झाला. दुसरा घातला, तोही गेला. मग तिने पाटीतली सगळी माती तिथे ओतली, वर दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

महाबळेश्वर पडवीत सुपारी कातरत बसला होता.

"बघत काय ऱ्हायलीस? वरनं शेण फिरीव. दोन हात दे. तलाठीबाई धाच्या बसनं उतरणार, चालत वर याला तासभर. तवर वाळाय पायजे."

"गेल्या खेपेला मुठीत भागलं हुतं," शांती म्हणाली. "आज पाटी लागली."

"मग आणि एक पाटी आण. डोंगरात मातीला काय तोटा हाय?"

शांतीने शेणाची बादली ओढली. ती सारवायला बसली की अख्ख्या वडकेवाड्यातल्या बायका बघायला याव्यात असा तिचा हात होता. बोटांच्या कमानी एकाला एक लागून उमटत गेल्या आणि भेग कुठे होती ते थोड्या वेळाने तिलाही सांगता आलं नसतं.

भेग गेल्या श्रावणातली. नऊ दिवस पाऊस थांबला नव्हता आणि दहाव्या दिवशी सकाळी फणसाच्या बुंध्यापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत अंगण सरळ दुभंगलेलं दिसलं. वरच्या बाजूला घर, खालच्या बाजूला अर्धं अंगण, आणि त्याच्या काठावरून थेट व्हाळात, खालच्या ओढ्यात, उतरणारा डोंगर. वाड्यातल्या सातही घरांनी येऊन ती पाहिली होती. सातही घरांनी मिळून ठरवलं होतं की ती कुणी पाहिली नाही.

तसं ठरवायला कारण होतं. दोन डोंगर पलीकडच्या एका वाड्यातल्या भोळ्या माणसांनी पाहणीला आलेल्या साहेबांना सगळं खरं सांगितलं होतं. इथे माती सुटते, तिथे झरा गढूळ येतो, पावसात जीव घाबरतो. पुढच्याच वर्षी त्यांना कागद आला की ही जागा राहण्यालायक नाही, आणि वाघाच्या जंगलात तर मुळीच नाही. आज त्या घरांवर छप्पर नाही. त्यातली माणसं रामनगरला ट्रकांच्या धुरात भाड्याच्या खोल्यांत बसून पावसाळ्यात उगवणाऱ्या कंदांच्या आठवणी काढतात. महाबळेश्वरला त्यांची दया आली नव्हती. साहेबाला खरं सांगणाऱ्या माणसाची कसली दया करायची?

साहेब लोकांबद्दल त्याचं मत एकतीस वर्षांत पक्कं झालं होतं. एकतीस वर्षं तो जंगलखात्यात रोजंदारीचा वॉचर होता. या काळात त्याने साहेबांचे डबे वाहिले, बूट वाहिले आणि दोनदा पाय मुरगळलेले साहेबही वाहिले. झाड ऐन की किंदळ हे सालीवरून न ओळखणारे, अस्वलाच्या विष्ठेचा फोटो काढून ती बिबट्याची म्हणून वर धाडणारे, झऱ्याचं पाणी प्यायला घाबरणारे आणि गढूळ बाटलीतलं पिणारे. आपत्ती आराखडा म्हणून जो काही कागद दर काही वर्षांनी तालुक्यातून जिल्ह्याला जाई, त्यात मागच्या खेपेला कुणा बहाद्दराने किनाऱ्यावरच्या गावाचं पान जसंच्या तसं उतरवलं होतं. त्यामुळे समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या कुशीत बसलेल्या वडकेवाड्याकडे सरकारदप्तरी दोन होड्या आणि एक पट्टीचा पोहणारा होता. पंचायतीतल्या कुणीतरी ते वाचून दाखवलं तेव्हा महाबळेश्वर पोट धरून हसला होता. आता त्याच आराखड्यासाठी येणारी तलाठीबाई म्हणजे रामनगरच्या टायरवाल्याची पोरगी, प्रियांका. पंक्चर काढणाऱ्याची पोर डोंगराची भोकं शोधायला येणार, असं तो चारचौघांत म्हणत असे आणि चारचौघं हसत.

प्रियांका साडेअकराला आली. घामाने निथळत होती, पण बसायच्या आधी तिने चपला काढून अंगणाच्या कडेला ठेवल्या. सारवलेल्या जमिनीवर चपला घालून चालू नये एवढी अक्कल आहे म्हणायची, असं महाबळेश्वर मनात म्हणाला. शेजारचा परशू साक्षीला येऊन पडवीच्या खांबाला टेकला.

"मामा, मी विचारते तसं सांगा," ती वहीतली आपत्तींची यादी उघडत म्हणाली. "पूर?"

"न्हाई."

"वणवा?"

"आमी असताना? न्हाई."

"रेल्वे अपघात?"

परशूने तोंडावर पंचा धरला.

"म्याडम," महाबळेश्वर गंभीरपणे म्हणाला, "हितं बसच दिवसाला एक येती, ती बी डायवरच्या मनात आलं तर."

प्रियांकाही हसली आणि तिने ती ओळ खोडली. कारखान्यातली वायुगळती खोडली, बोट उलटणं खोडलं. मग पेन थांबवून तिने वर पाहिलं.

"दरड?"

"माझ्या आज्याच्या टायमापासनं हितला खडा हलल्याला न्हाई."

"जमिनीला कुठं तडा, भेग?"

"तडा? परशू, तू बघिटलास काय रे तडा?"

"न्हाई बा," परशू म्हणाला.

शांती उकडलेले कंद आणि मिरचीची चटणी घेऊन बाहेर आली. ताटली ठेवताना तिचा हात जरासा रेंगाळला. प्रियांकाने तिलाही विचारलं, "मामी, तुम्हाला पावसात भीती वाटते का इथं?"

शांतीने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती ताटलीतला एक कंद नीट लावत म्हणाली, "खावा. निवल्यावर चव जाती."

प्रियांकाने खाल्लं. उठली, गोठ्यामागे गेली, झऱ्यावर जाऊन पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं, फोन आडवा धरून डोंगराचा उतार मोजला. परत येऊन ती अंगणाच्या खालच्या अर्ध्यात उभी राहिली आणि अनवाणी टाच तिने दोनदा जमिनीवर आपटली.

"किती घट्ट धरलंय हो अंगण! खालच्या वाड्याची अंगणवाडी व्हाळाच्या काठावर आहे. पाणी वाढलं तर त्या पोरांना आणायला जवळपास एवढी सपाट जागा दुसरी नाही. तुमची हरकत नसेल तर मी हे अंगण लिहू?"

"लिवा की," महाबळेश्वर म्हणाला. लिहिण्याने काय होतं? कागदावर त्याच्या दारात होड्याही होत्या.

ती उताराला लागताच परशू आणि तो इतके हसले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "टाच आपटून बघिटली रं तिनं!" परशू डोळे पुसत म्हणाला. संध्याकाळपर्यंत सातही घरांत ती टाच फिरली. फक्त शांती हसली नाही. तिने बाईने उष्टी केलेली ताटली उचलली आणि ती धुवायला मागीलदारी गेली.

एप्रिलात दोन मजूर लोखंडी फलक घेऊन आले. अंगणाच्या खालच्या काठावर, वाटेवरून दिसेल अशा जागी त्यांनी खड्डा घेतला. पहार एका दणक्यात हातभर खाली गेली तेव्हा ते खूश झाले. एरवी या भागात कातळ फोडताना त्यांचे हात सोलून निघत. फलकावर कर्नाटक सरकारच्या कानडीत मोठ्या अक्षरांत आणि खाली, बाईंनी खास सांगितलं म्हणून, मराठीत लिहिलं होतं: आपत्कालीन सुरक्षित जागा.

महाबळेश्वरने ते दोनदा वाचलं आणि त्याला जे सुचलं त्याने तो स्वतःवरच खूश झाला.

"परशू, कळलं काय तुला? आता कोण आमाला उठिवतो ते बघू या. ही जागा चांगली हाय म्हणून सरकारनंच खांब रोवून लिवलंय. उद्या कोन साहेब कागद घेऊन आला तर त्याला ह्या खांबाम्होरं हुबा करायचा."

परशूला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. वाड्यात महाबळेश्वरच्या डोक्याची तारीफ झाली आणि ती त्याने पान खात ऐकून घेतली.

त्या दिवसांत त्याच्या लक्षात आलं की शांती पाणी आणायला जाताना अंगण ओलांडत नाही. फणसाच्या वरून, घराच्या भिंतीला धरून वळसा घालून जाते. गाईचं दावंही तिने गोठ्याच्या वरच्या खुंटीला बांधलं होतं. दर आठवड्याला ती सारवायला बसे, आणि पाट्या आता तीन लागत.

"तिला सांगा," एकदा तिने हात धुताना म्हटलं.

"कुणाला?"

"त्या पोरीला. लई दूरनं चालत आलती."

"तुला काय कळतंय त्यातलं? सांगायचं आणि रामनगरला जाऊन टायर धुवायचं?"

शांतीने रिकाम्या पाट्या उचलून भिंतीला लावल्या.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रंगीत तालीम निघाली. हा शब्द महाबळेश्वरने पहिल्यांदाच ऐकला आणि त्याला तो फार आवडला. नाटकातली माणसं करतात ते आता सरकार करणार. पंचायतीच्या जीपवर भोंगा बांधून सकाळी नऊला तो वाजवला गेला आणि खालच्या वाड्यातली माणसं ओळीने डोंगर चढू लागली. पुढे अंगणवाडीची शिल्पा, तिच्या पदराला, बोटाला आणि एकमेकांच्या सदऱ्याला धरलेली अठरा पोरं. मागे बायका, म्हातारे, एक लंगडा कुत्रा. कुणी गंमत म्हणून गाठोडंही बांधून आणलं होतं.

"बघ, बघ," महाबळेश्वर पडवीतून परशूला म्हणाला. "पूर न्हाई, पाणी न्हाई, आणि ही निघाली जीव वाचवाय."

प्रियांका गळ्यात शिट्टी अडकवून फलकाजवळ उभी होती. तिने पोरांना खालच्या अर्ध्यात रांगेत बसवलं, बायकांना त्यांच्यामागे. मग वाड्याच्या सात घरांकडे वळली. ती माणसं घराच्या भिंतीला पाठ लावून दाटीवाटीने उभी होती.

"अहो, पुढं या ना. मोजायचंय."

कुणी हललं नाही. एकाने खाली पाहिलं, एकीने मुलाचा खांदा धरून त्याला आणखी मागे ओढलं. परशू खांबाआड सरकला. प्रियांकाला वाटलं लाजतात. ती हसून म्हणाली, "बरं, तिथूनच मोजते."

महाबळेश्वरने ती रांग पाहिली. अंगणभर भेगेच्या वर सात घरांची माणसं आणि भेगेच्या खाली बाकीचे, असं कुणी न सांगता आखल्यासारखं झालं होतं. त्याने तोंडातली सुपारी दुसऱ्या गालात घेतली.

मोजणी झाली. प्रियांका वही छातीशी धरून खालच्या वाड्याच्या माणसांना सांगू लागली.

"पावसाळ्यात जिल्ह्यातून इशारा आला की भोंग्याची वाट बघायची नाही. पोरं घेऊन सरळ इथं यायचं. इथं ताडपत्री बांधू, पाऊस उतरेपर्यंत सगळ्यांनी इथंच राहायचं."

"हितं तरी कशावरनं धड?" खालच्या वाड्यातल्या येसूने विचारलं. येसू शंकेखोर बाई होती.

"कशावरनं म्हणजे?" प्रियांका म्हणाली. "मावशी, या गावाचं पान मी कुठून उतरवलेलं नाही. बाकी ठिकाणी मलाही वेळ झाला नाही, जुनंच पुढं ढकललं. पण इथलं प्रत्येक अक्षर महाबळेश्वरमामांनी सांगितलं तसं लिहिलंय. एकतीस वर्षं या जंगलात काढलेला माणूस आहे तो. वरच्या साहेबांनी मला विचारलं, तज्ज्ञ कुठला? मी मामांचं नाव घातलं. जिल्ह्याच्या आराखड्यात छापून आलंय."

तिने वहीतून छापील पान काढून सगळ्यांना दाखवलं, जणू बक्षीसच दाखवत होती. येसूने लांबूनच मान डोलावली. म्हाबळू म्हणतो तर असेल, असं ती शेजारणीला म्हणाली आणि बूड टेकून बसली.

महाबळेश्वरच्या जबड्यात सुपारी थांबली. एकतीस वर्षांत त्याने साहेबांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. चौकीची झोपडी त्या वळणावर घालू नका, पाणी येतं, असं एकदा कळवळून सांगितलं होतं. साहेब हसला होता आणि पहिल्याच पावसात झोपडी गेली होती. एकानेही त्याचा एक शब्द कधी कागदावर घेतला नव्हता, आणि त्याच रागावर तो इतकी वर्षं जगला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी घेतला होता. सगळाच्या सगळा घेतला होता, आणि त्यात एक शब्द खरा नव्हता.

त्याला त्या पोरीचा संताप आला. तालुक्यातली एवढी माणसं सोडून हिला विश्वास ठेवायला तोच सापडला? चारदा उलट विचारलं असतं, आवाज चढवला असता, तर तो सुखाने खोटं बोलत राहिला असता.

अंगणात पोरांना बसून कंटाळा आला होता. शिल्पाने गाणं सुरू केलं आणि अठरा पोरं उठून तालावर उड्या मारू लागली.

शांतीने पोरांसाठी पाण्याचा हंडा पडवीच्या पायरीवर आणून ठेवला होता. तिने उड्यांकडे पाहिलं आणि तांब्या हातात तसाच धरून ती उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो उठला. हंडा उचलून पायऱ्या उतरला. भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांना तो काय करतोय ते त्याच्या आधी कळलं असावं.

"दादा," परशू हलक्या आवाजात म्हणाला. "दादा, नको."

महाबळेश्वरने अंगणाच्या मधोमध हंडा कलता केला. पाणी सारवणावरून चकाकत चार हात धावलं आणि एका जागी आल्यावर थांबलं. पुढे गेलं नाही, बाजूला पसरलं नाही. तो ओतत राहिला आणि पाणी तिथेच नाहीसं होत राहिलं. मग सारवणाचा पापुद्रा खचला, आतली ओली माती तुटली आणि खाली कुठेतरी, बऱ्याच वेळाने, ती पडल्याचा आवाज आला. हाताचा पंजा सहज जाईल एवढं तोंड उघडलं होतं.

गाणं बंद पडलं.

"पोरांनो, वर या," शांती म्हणाली. "पळू नगासा. एकेक जण या. हिकडं, माझ्याकडं."

शिल्पाने पोरं वर आणली. खालच्या वाड्यातल्या बायका गाठोडी उचलून त्यांच्यामागे आल्या. येसू जाताना त्या भोकाशी क्षणभर थांबली, आत पाहिलं आणि मग महाबळेश्वरकडे पाहिलं.

बोलला तो परशू. तो पडवीतून खाली आला आणि महाबळेश्वरच्या पायाशी पचकन थुंकला.

"सात घरं घालवलीस," तो म्हणाला. "एका हंड्यानं."

भिंतीजवळच्या माणसांपैकी कुणी त्याला आवरलं नाही. ती सगळी त्याच्याकडे पाहत होती आणि ती नजर महाबळेश्वरच्या चांगली ओळखीची होती. पाय मुरगळलेल्या साहेबांना पाठीवरून खाली उतरवल्यावर तो स्वतः त्यांच्याकडे तसाच पाहत असे. आता कागद येणार. पुढच्या वर्षी येईल किंवा पावसाच्या आधीच येईल. हे अंगण, फणस, मागच्या उतारावर लावलेले कंद, सगळं तिथेच राहील आणि माणसं जातील. हे त्याला हंडा उचलतानाच कळलं होतं.

शेवटचं माणूस वर पोचेपर्यंत प्रियांका फलकाजवळून हलली नाही. मग ती काठाकाठाने फिरून वर आली. ती ओरडेल याची तो वाट पाहत होता. ओरडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं.

"मामी," तिने शांतीला विचारलं, "कधीपासून?"

"श्रावणापासनं."

"फणसापासनं गोठ्यापातूर हाय," महाबळेश्वर घाईने म्हणाला. "बावीस हात. मधी जरा खालतीकडं वाकल्याली हाय. नऊ दीस पाऊस पडला आणि धाव्या दिशी..."

प्रियांकाची वही उघडी होती आणि पेनचं टोपण काढलेलं होतं. पेन हललं नाही. तो सगळं सांगून संपेपर्यंत ती जमिनीकडे बघत उभी राहिली. मग तिने परशूला म्हटलं, "एखादं दावं मिळेल का हो?"

परशूने गोठ्यातून दावं आणून दिलं. प्रियांका फणसाच्या बुंध्याशी गुडघ्यांवर बसली. दाव्यावर कोपरापासून बोटापर्यंत एक हात मोजून तिने गाठ मारली, टोक मुळाशी धरलं आणि ओठ हलवत पुढे सरकू लागली. सारवणाची पापडी नखाने उकरायची, भेग दिसली की दावं टेकायचं, पुन्हा उकरायचं. साडीला शेण लागलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. महाबळेश्वर रिकामा हंडा धरून बाजूने तिच्याबरोबर चालत होता आणि कुठे वाकायचं ते बोटाने दाखवत होता. ती त्या बोटाकडे बघत नव्हती.

गोठ्याच्या कोपऱ्याशी पोचल्यावर ती थांबली.

"बावीस," तिने स्वतःशी म्हटलं.

मग ती उठून परत फणसापाशी गेली, पहिल्यापासून पुन्हा मोजलं आणि तेव्हा कुठे लिहिलं.